गोळेबाई आणि पहिली चौकट

रविवारी सकाळी नऊनंतर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका दाराबाहेर चपलांचे आठ-दहा जोड पडलेले असतात. सोसायटीत नव्याने राहायला आलेले लोक हमखास विचारतात, आज कोणाकडे पूजा आहे का? पूजा वगैरे काही नसते. तिथं मंदाकिनी गोळे राहतात, आणि ज्यांना संशोधनासाठी परदेशात जायचं आहे ती मुलं आपापले कागद घेऊन त्यांच्याकडे आलेली असतात. गोळेबाईंकडे स्वतःचा पासपोर्टसुद्धा नाही. त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, मला कुठं जायचंय?

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याआधी तीस वर्षं आम्ही कर्वेनगरच्या एकाच कॉलेजात होतो, मी ग्रंथपाल आणि त्या ऑफिसात क्लार्क. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. त्या हे वाचणार नाहीत. माझी वाक्यं लांब असतात अशी त्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती चुकीची आहे असं मला आजवर सिद्ध करता आलेलं नाही.

बाई नोकरीला लागल्या त्या टायपिंगच्या परीक्षेवर. लग्न केलं नाही. का केलं नाही हे कॉलेजात कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर मिळालं असतं. त्या काळी प्राध्यापक मंडळी मुलांची शिफारसपत्रं हाताने खरडून ऑफिसात पाठवत आणि बाई ती टाईप करत. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत त्या फाईलला लावत. सहा-सात वर्षांत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. काही प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना परदेशातून बोलावणं यायचं आणि काहींच्या मुलांना कधीच यायचं नाही, मग ती कितीही हुशार असोत.

आमोद नावाचा रसायनशास्त्राचा मुलगा होता, त्याला तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथ्या वेळी सरांचा कागद टाईप करायला आला. तो मुलगा आज्ञाधारक, सुशील आणि चांगल्या घरातला असल्याचं त्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं. बाई कागद घेऊन उठल्या, सरांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी विचारलं, "सर, यानं केलं काय?" सर गोंधळले. थोड्या वेळाने म्हणाले, विभागातलं बंद पडलेलं यंत्र याने जुन्या बाजारातून भाग आणून पंधरा दिवसांत सुरू केलं, म्हणून तर यंदा सगळ्यांची प्रॅक्टिकल झाली. बाईंनी विचारलं, मग हेच लिहू का? आमोद कॅनडाला गेला.

तेव्हापासून बाईंचा हा एकच प्रश्न आहे. केलं काय? विशेषणाला कोणी व्हिसा देत नाही, असं त्या मुलांना सांगतात. एखाद्याने तिकडच्या प्राध्यापकाला लिहिलेल्या ईमेलची सुरुवात 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' अशी केली, की बाई चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, भीक मागायची असेल तर देवळाबाहेर बस, मी चटई देते. इंग्रजी बोलायला त्या आजही अडखळतात, पण वाचताना त्यांच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही. कोणत्या देशात कोणत्या महिन्यात जागा निघतात, कुठला प्राध्यापक उत्तर देतो, कुठला फक्त 'तुमचं नाव ध्यानात ठेवू' म्हणतो आणि त्याचा अर्थ नाही असाच असतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. हे त्यांना कळतं कसं? त्यांच्याकडून गेलेल्या प्रत्येकाला तीन महिन्यांनी एक पत्र लिहावं लागतं. तिथले गाईड कसे आहेत, रागावतात का, खोली कशी मिळाली, आधी काय माहीत असतं तर बरं झालं असतं. ही पत्रं पुढच्याच्या कामी येतात. मोबदला म्हणून बाई एवढंच मागतात.

आणि त्यांचा एक नियम आहे. शिफारसपत्रात काय लिहिलंय हे त्या मुलांना कधीही सांगत नाहीत. पाकीट बंद म्हणजे बंद.

सृष्टी इंगोले त्यांच्याकडे यायला लागली त्याला आता तीन वर्षं होतील. मुलगी वाशीम जिल्ह्यातली, वडील ज्ञानदेव इंगोले एसटीत कंडक्टर. पीएचडी तिने आमच्याच कॉलेजात केली, दिगंबर बेहेऱ्यांच्या हाताखाली. बेहेरेसर म्हणजे वनस्पतिशास्त्रातलं मोठं नाव. सह्याद्रीच्या सड्यांवरची, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारांवरची, गवतं हा त्यांचा विषय, आणि सृष्टी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सर निवृत्त झाले तरी तिचा प्रबंध पुरा होईपर्यंत रोज कॉलेजात येत होते.

सहा वर्षांपूर्वी विभागाच्या सेमिनारमध्ये या मुलीने एक उद्योग केला. सरांनी एक्याण्णव साली एका गवतावर पेपर लिहिला होता, सरांचं नाव झालं ते त्या पेपरमुळे. सृष्टीने पडद्यावर दोन नमुने शेजारी शेजारी दाखवले आणि सांगितलं, की सरांनी जी एक जात म्हणून नोंदवली आहे त्या खरं तर दोन वेगळ्या जाती आहेत. मी मागच्या रांगेत होतो. सर उठले, म्हणाले, "स्लाइडवरचं शुद्धलेखन तपासत जा," आणि चहाला निघून गेले. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी कधी शब्दही काढला नाही. सृष्टीने मनाशी धरलं, की सरांनी आपल्याला माफ केलेलं नाही. तिचं काम त्यांनी नंतरही चोख तपासलं, पण तिच्या मनातलं ते गेलं नाही.

पीएचडी झाल्यावर ती विश्रांतवाडीला आयटीतल्या दोन मुलींबरोबर खोली करून राहिली. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवायची आणि रविवारी दोन बस बदलून कोथरूडला यायची. आधी नॉर्वेला अर्ज केला, नकार. मग जर्मनीला, तिथूनही नकार. राहिलं होतं चेक प्रजासत्ताकातलं एक विद्यापीठ. तिथं गवताळ प्रदेशांवर काम करणारा मोठा गट आहे आणि दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, फेलोशिप होती. अट अशी, की पीएचडी होऊन तीन वर्षं उलटलेली नसावीत. म्हणजे तिला ही शेवटची संधी. गावाकडे तालुक्याच्या कॉलेजात तिच्यासाठी एक जागा वडिलांनी बोलून ठेवली होती. तीही तासिकेवरचीच, पण घरापासून जवळ. ज्ञानदेवरावांनी फोनवर सांगितलं होतं, या खेपेला नाही झालं तर ये बाई परत. त्यात राग नव्हता, म्हणूनच तिला ते जड जात होतं.

बाईंनी तिचे सगळे कागद पुन्हा टेबलावर मांडले आणि मला वरून बोलावून घेतलं. एकेक वाचत गेलो. पेपर चांगले, संशोधनाचा आराखडा स्वच्छ, भाषा बाईंनी धुऊन काढलेली. नकार यावा असं त्यात काही सापडेना. बाईंनी कागदांचा गठ्ठा पुन्हा सरळ केला. मग म्हणाल्या, "श्यामराव, यात जे दिसत नाही तिथंच गोम आहे."

दिसत नव्हतं ते बेहेरेसरांचं पत्र. बाई ऑफिसात होत्या तोवर सरांची पत्रं त्यांच्या हातून जात आणि जाता जाता सरांना चार प्रश्न विचारले जात. बाई निवृत्त झाल्या, पत्रं विद्यापीठांच्या ऑनलाइन पोर्टलवर गेली आणि सर ती घरी बसून एका बोटाने टाईप करू लागले. त्यानंतर सरांचा एकही विद्यार्थी बाहेर गेलेला नाही, हे त्या दिवशी आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सरांच्या घरी गेलो. पत्र अपलोड करायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. रिक्षात मी बाईंना विचारलं, तुमच्या नियमाचं काय? त्या म्हणाल्या, नियम मुलांना सांगायचं नाही असा आहे, सरांना विचारायचं नाही असा नाही.

सरांनी दार उघडलं आणि आम्हाला बघून म्हणाले, कोण गेलं? एवढ्या वर्षांनी दोन सहकारी भर दुपारी दारात उभे राहिल्यावर त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. बाईंनी सांगितलं, कोणी गेलं नाही, इंगोलेच्या पत्रासाठी आलो आहोत. पत्र दाखवा असं त्या म्हणाल्याच नाहीत. सरांनीच कौतुकाने संगणकासमोर खुर्ची ओढली. पत्र तयार होतं, नव्हे, नॉर्वे, जर्मनी आणि आता हे, तिन्ही ठिकाणांसाठी तेच होतं.

पत्र इंग्रजीत होतं, त्याचं मराठी मी देतो. सृष्टी इंगोले हिचं काम वाईट नाही. ती वेळेवर येते. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तिने प्रबंध पूर्ण केला आहे. खाली सही. त्याच्याखाली पोर्टलने पाच चौकटी दिल्या होत्या. तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ही पहिल्या एक टक्क्यात बसते, की पाच, की दहा, की पंचवीस, की पन्नास? सरांनी चौथ्या चौकटीत खूण केली होती.

मी हसलो असतो, पण बाईंचा चेहरा बघून आवरलं. आमच्या पिढीच्या पुणेकराला हे पत्र वाचून बोध झाला असता, की मुलगी असामान्य आहे. बेहेरेसरांनी सबंध नोकरीत प्रॅक्टिकलला बासष्टच्या वर मार्क दिले नाहीत. त्यांच्या तोंडून 'वाईट नाही' ऐकायला मिळालं म्हणून एम.एस्सी.ची मुलं पेढे वाटत. पण तिकडे ओस्लोत बसलेल्या माणसाने वाचलं असणार, की बिचारी मुलगी येते-जाते, त्रास देत नाही. मला त्या क्षणी सरांचा मनापासून राग आला. एका मुलीची तीन वर्षं या चार वाक्यांनी खाल्ली होती, आणि सर आमच्यापुढे लाडवांचा डबा सरकवत होते.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पहिल्या चौकटीत कोण बसेल, सर? सर म्हणाले, ती माझ्या गुरूंसाठीही मी मोकळीच ठेवली असती. आणि मग जरा ताठ होऊन म्हणाले, मी खोटं लिहिणार नाही.

"खोटं नकोच," बाई म्हणाल्या. "तिनं केलं काय ते सांगा. मी टाईप करते."

त्यांनी सरांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या. सरांना स्तुती करायला सांगितली असती तर ते बोललेच नसते. पण घडलेलं सांगायला सांगितल्यावर सर खोलीत येरझाऱ्या घालत बोलू लागले. दोन पावसाळे ही मुलगी सड्यांवर राहिली. पायाखालच्या एकेका वीतभर जागेतली गवतं तिने मोजली. पायाला जळवा लागलेल्या असायच्या आणि ही वहीत फुलोऱ्याचं चित्र काढत बसलेली असायची. आमच्याकडे नमुने वाळवायला जागा नव्हती, तिने तालुक्यातल्या एका बेकरीवाल्याला पटवून भट्टीवरची उबदार खोली मिळवली. हे सगळं सर न थांबता सांगत होते आणि बाईंची बोटं चालली होती. इतकं सविस्तर त्यांनी कधी कोणाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मग सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाईंनी घाई केली नाही.

"लिहा," सर म्हणाले. "एक्याण्णव साली मी एक चूक केली. अठ्ठावीस वर्षं ती कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. या मुलीने ती शोधली आणि माझ्यासमोर, सगळ्यांसमोर सांगितली. ती बरोबर होती."

बाईंनी लिहिलं. सर तसेच पाठमोरे उभे होते. खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी तिला तसं म्हणालो नाही. हे लिहू नका." बाईंनी ते लिहिलं नाही.

राहिल्या चौकटी. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पीएचडी किती जणांनी केली? चौदा. त्यातल्या किती जणांनी तुमची चूक पकडली? एकीने. मग चौदात पहिली ना, असं बाई म्हणाल्या तर सरांनी तोंडी हिशेब केला आणि म्हणाले, चौदात एक म्हणजे सात टक्क्यांच्या वर झाले, चौकट पाच टक्क्यांची आहे, ती दहाच्या चौकटीत जाईल. मी कपाळाला हात लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, "विद्यार्थी विचारलेत, सर. नुसते पीएचडीचे नाही विचारलेले. एम.एस्सी.चे धरा." सरांनी डोळे मिटले, वर्षाला वीस असे चौतीस वर्षांचे वर्ग मोजले आणि म्हणाले, सातशेच्या आसपास. सातशेत एक. मग स्वतः वाकून त्यांनी पहिल्या चौकटीवर खूण केली आणि ती नीट उमटली आहे ना हे दोनदा पाहिलं. साडेचार वाजता पत्र गेलं. त्यानंतर आम्ही लाडू खाल्ले. चांगले होते.

महिन्याभराने सृष्टीची व्हिडिओवर मुलाखत झाली. त्यानंतरच्या रविवारी ती इतर मुलांच्या आधीच आली. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. ती बसली नाही, उभ्याउभ्याच बोलायला लागली. मुलाखत बरी चालली होती, मग तिथल्या प्रोफेसर बाईंनी विचारलं, की तुमच्या गाईडने कळवलंय तुम्ही त्यांचीच चूक शोधलीत, तर त्यांच्यासमोर ते बोलायचं धाडस कसं झालं?

"बाई, सरायनं लिवलं होतं," सृष्टी म्हणाली. एरवी ती पुण्याचं बोलते, पण त्या दिवशी तिला भान नव्हतं. "ती बरोबर होती असं लिवलं होतं. मले वाटत होतं सर माझ्यावर नाराज हायेत. सहा वर्सं वाटत होतं."

बाईंनी विचारलं, मग तू काय उत्तर दिलंस? सृष्टीने सांगितलं, की सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ते सांगितलं. नमुना समोर असला की नमुन्याकडे बघायचं, समोर कोण बसलंय ते बघायचं नाही. मग तिने थेट विचारलं, बाई, तुम्हाला हे पत्र माहीत होतं? बाई म्हणाल्या, मी फक्त टाईप करते, आणि तेही आता सोडलं. मी पेपर जरा वर धरला.

सृष्टी गेल्यावर बाईंनी सरांना फोन लावला. पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त मुलीने मुलाखतीत काय उत्तर दिलं ते शब्दशः सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

निवड झाल्याचं पत्र बुधवारी आलं. सृष्टीने आधी वाशीमला फोन केला, मग बाईंना. ज्ञानदेवरावांनी बसमध्येच उतारूंना सांगितलं म्हणे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी विचारलं, कसला चेक मिळाला? बाईंनी त्यांना नकाशा काढून दाखवला.

त्या रविवारी घर भरलेलं होतं. नऊ-दहा मुलं, काही जमिनीवर, काही खिडकीच्या कट्ट्यावर. सृष्टी पेढे घेऊन आली होती आणि पुढच्या मुलांना व्हिसाच्या कागदांचं समजावत होती. अकराच्या सुमारास दार वाजलं. बेहेरेसर होते. या घरी ते पूर्वी कधीच आले नव्हते. जिना चढून त्यांना धाप लागली होती. मुलं ओळखीची नसूनही उठून उभी राहिली. बाईंनी खुर्ची पुढे केली, सर बसले नाहीत.

"इंगोले," ते म्हणाले, "एक्याण्णवचा माझा पेपर चुकलेला होता. तुम्ही बरोबर होता. हे मी त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. तेव्हाचे सगळे आज गोळा करता येत नाहीत. हे जे आहेत त्यांच्यासमोर सांगतो."

सृष्टी वाकून पाया पडायला गेली तर सरांनी तिला मध्येच थांबवलं आणि हात जोडून नमस्कार केला, बरोबरीच्या माणसाला करतात तसा. ती रडायला लागली. खरं सांगायचं तर मीही. गोळेबाई मात्र टेबलाशी बसल्या होत्या, समोर एका मुलाचा अर्ज होता. त्यांना इतकं खूश मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी सरांसाठी खुर्ची पुन्हा थोडी पुढे सरकवली, आणि या वेळी सर बसले.